रेडिएटरचा पंखा का फिरत नाही?

बीडहून दक्षिणेकडे निघालेला धुळे-सोलापूर महामार्ग मांजरसुंब्याच्या घाटात बालाघाटाच्या डोंगररांगेवर चढतो. तेलगावकडून धारूरला जाणारा रस्ताही असाच घाट चढून वर येतो. मे महिन्यात भर दुपारी या घाटांतून प्रवास करणाऱ्यांना एक दृश्य ओळखीचे असते. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभी असलेली मोटार, समोरून निघणारी वाफ आणि सावली शोधत बसलेले कुटुंब. 'गाडी गरम झाली', 'पाणी उकळलं' असे म्हणतात ते हेच. जमलेल्यांपैकी कोणी तरी आत डोकावून सांगतो, ''अहो, पंखाच फिरत नाही!'' मग तीन सल्ले हमखास मिळतात. झाकण उघडून पाणी ओता, पंखा 'डायरेक्ट' करा आणि थर्मोस्टॅट काढून टाका.

तिन्ही सल्ल्यांत थोडे तथ्य आहे आणि तिन्हींत धोकाही आहे. कोणता सल्ला केव्हा मानायचा हे ठरवण्यासाठी लागणारे विज्ञान शाळेच्या पुस्तकातलेच आहे. उष्णतेचे संक्रमण, दाब आणि उत्कलनबिंदू, ओहमचा नियम आणि विद्युतचुंबक हे चार धडे गाडीच्या नाकाशी एकत्र येतात. शिवाय बंद पडलेल्या यंत्रातला दोष शोधणे ही वैज्ञानिक पद्धतीची उत्तम तालीम आहे. म्हणून हा विषय वर्गात नेण्याजोगा आहे.

किती उष्णता बाहेर टाकायची?

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने पाव ते एक तृतीयांश भागच चाके फिरवण्याच्या कामी येतो. साधारण तेवढीच ऊर्जा धुराबरोबर बाहेर जाते आणि जवळजवळ तेवढीच इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यात उतरते. हे पाण्यातले ओझे हवेत सोडून देणे हे रेडिएटरचे काम.

घाटाचे गणित मांडून पाहू. समजा, माणसांसह गाडीचे वस्तुमान १२०० किलोग्रॅम आहे, चढ बारास एक आहे आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर आहे. गुरुत्वत्वरण १० धरले तर केवळ उंची गाठण्यासाठी १२०० × १० × ५ ÷ १२ = ५००० वॅट, म्हणजे ५ किलोवॅट शक्ती लागते. घर्षणासाठी आणखी एक किलोवॅट धरू. एकूण ६ किलोवॅट झाले. इंजिनाची कार्यक्षमता २५ टक्के धरली तर पेट्रोलमधून २४ किलोवॅट यायला हवेत आणि त्यांतले सुमारे ८ किलोवॅट पाण्यात जातात. घरातला गिझर दोन किलोवॅटचा असतो. म्हणजे चार गिझर एकाच वेळी चालू ठेवावेत एवढी उष्णता त्या छोट्याशा रेडिएटरने सतत बाहेर टाकायची आहे.

ती उष्णता हवेने नेली नाही तर काय होईल? पाच लिटर पाणी आणि इंजिनाचा धातू यांचे तापमान एका अंशाने वाढवायला सुमारे ६५ किलोज्यूल लागतात असे धरा. दर सेकंदाला ८ किलोज्यूल येत असतील तर दर आठ सेकंदांनी एक अंश, म्हणजे मिनिटाला सुमारे सात अंश वाढ होईल. ९० अंशांवरून ११८ अंशांवर जायला चार मिनिटे पुरतात. गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असेल तर पाण्यात जाणारी उष्णता दोन किलोवॅटच्या आसपास असते. तेव्हा हाच प्रवास पंधरा मिनिटांचा होतो. लग्नाच्या वरातीत किंवा रेल्वे फाटकापाशी गाडी तापते ती अशी.

नावात 'रेडिएशन', कामात हवा

रेडिएटर हे नाव फसवे आहे. त्यातून विकिरणाने जाणारी उष्णता फारच थोडी असते. खरे काम अभिसरणाचे आहे. बारीक नळ्यांतून गरम पाणी वाहते, नळ्यांना चिकटलेल्या पातळ पत्र्यांमधून हवा जाते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. म्हणून पृष्ठफळ जितके मोठे तितके चांगले. विल्हेल्म मायबाख या जर्मन अभियंत्याने १९०१ सालच्या मर्सिडीज गाडीसाठी मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. त्यात सहा मिलिमीटर बाजूच्या ८०७० लहान चौकोनी नळ्या होत्या. आजच्या रेडिएटरची मूळ कल्पना तीच आहे.

हवा किती लागते? बाहेरची हवा ४२ अंशांवर आत शिरली आणि ७२ अंशांवर बाहेर पडली, तर प्रत्येक किलोग्रॅम हवेने सुमारे ३० किलोज्यूल उष्णता नेली. ८ किलोवॅटसाठी सेकंदाला पाव किलोग्रॅमहून थोडी जास्त, म्हणजे सुमारे २५० लिटर हवा दर सेकंदाला रेडिएटरमधून जायला हवी. महामार्गावर ताशी ८० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या गाडीला एवढी हवा आपोआप मिळते. तिथे पंखा बंद असला तरी बिघडत नाही. घाटात, गर्दीत आणि उभ्या गाडीत मात्र पंख्यावाचून गत्यंतर नाही. म्हणूनच 'सपाटीला ठीक, घाटात गरम' हे लक्षण ऐकताच पंख्याचा संशय घ्यावा. उलट गाडी वेगातही गरम होत असेल तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. पाणी कमी असेल, रेडिएटर तुंबला असेल किंवा पाण्याचा पंप नीट चालत नसेल.

ऋतूचाही वाटा आहे. वस्तूची उष्णता किती वेगाने जाईल हे तिच्या आणि भोवतालच्या तापमानातील फरकावर अवलंबून असते, असे न्यूटनने १७०१ साली मांडले. पाणी ९० अंशांवर असेल तर थंडीतल्या १५ अंशांच्या पहाटे हा फरक ७५ अंश असतो आणि ४२ अंशांच्या दुपारी तो ४८ उरतो. तोच रेडिएटर, तेवढीच हवा, पण थंडीत तो दीडपटीहून अधिक उष्णता टाकतो. हिवाळाभर लपून राहिलेला पंख्याचा दोष एप्रिल-मेमध्ये उघडा पडतो तो यामुळे.

याच जिल्ह्यात यापेक्षा कितीतरी मोठे उदाहरण आहे. परळीच्या औष्णिक वीज केंद्रातले उंच शीतक मनोरे हेच काम करतात. फरक एवढाच की तिथे पाण्याची काही प्रमाणात वाफ होऊ देऊन उष्णता घालवतात, त्यामुळे पाणी सतत भरावे लागते. दुष्काळात पाणी न उरल्याने हे केंद्र २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले. कोळसा आणि यंत्रे असूनही उष्णता टाकायला जागा नसेल तर इंजिन चालत नाही, हा नियम मोटारीला आणि वीज केंद्राला सारखाच लागू आहे.

पंखा चालू होतो कसा?

जुन्या अँबेसेडरमध्ये इंजिन गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेले असे. इंजिनाच्या पुढच्या टोकाला पट्ट्याने फिरणारा पंखा थेट रेडिएटरच्या मागे येई. इंजिन फिरते तोवर पंखा फिरे. उसाच्या ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरांतही साधारणपणे अशीच रचना असते. तिथे पंखा 'चालू होत नाही' असा प्रश्न क्वचितच येतो. पट्टा सैल पडणे आणि रेडिएटरच्या जाळीत धूळ व पाचट अडकणे ही तिथली नेहमीची दुखणी.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले होते. आडव्या इंजिनाचे टोक गाडीच्या बाजूकडे असते, त्यामुळे पट्ट्याचा पंखा रेडिएटरसमोर आणणे अवघड जाते. उपाय म्हणून पंख्याला स्वतंत्र विजेची मोटर दिली. यात फायदाही झाला. गरज नसताना पंखा बंद राहतो, ऊर्जा वाचते आणि सकाळी इंजिन लवकर तापते. पण 'गरज आहे की नाही' हे ओळखून चालू-बंद करणारी एक साखळी आली आणि साखळी आली की तिच्या कड्या तुटण्याची शक्यताही आली.

साखळी अशी आहे. पहिली कडी संवेदकाची. जुन्या गाड्यांत रेडिएटरमध्ये किंवा इंजिनाच्या पाण्याच्या मार्गात एक द्विधातू स्विच असे. ठरलेल्या तापमानाला त्यातली चकती वाकून संपर्क जुळे. आजच्या गाड्यांत थर्मिस्टर असतो. तापमान वाढले की त्याचा रोध कमी होतो. नमुन्यादाखल सांगायचे तर २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० अंशांना ३०० च्या आसपास आणि १०० अंशांना २०० च्याही खाली. हा रोध गाडीचा संगणक मोजतो. दुसरी कडी रिलेची. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने मिटणारा स्विच. त्याच्या वेटोळ्याचा रोध ८० ओहम असेल तर १२ व्होल्टला जेमतेम ०.१५ अँपिअर धारा लागते. या इवल्या धारेच्या जोरावर तो मोटरची १० ते २० अँपिअरची धारा चालू करतो. तिसरी कडी वितळतार, म्हणजे फ्यूज. चौथी मोटर. पाचवी, नेहमी विसरली जाणारी, परतीचा रस्ता, म्हणजे गाडीच्या सांगाड्याशी असलेली 'अर्थ'ची जोडणी.

पंखा साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान चालू होतो आणि त्याहून चार-सहा अंश खाली आल्यावर बंद होतो. चालू आणि बंद यांत हे अंतर मुद्दाम ठेवलेले असते. ते नसते तर पंखा दर सेकंदाला चालू-बंद होत राहिला असता आणि रिलेचे संपर्क जळून गेले असते. म्हणून काटा मधोमध असताना पंखा थांबलेला दिसला तर तो दोष समजू नये.

आधीचा प्रश्न: संवेदकाला उष्णता कळते का?

विजेच्या तारा तपासण्याआधी पाण्याकडे पाहावे. ही गोष्ट उलटी वाटेल, पण पाणी कमी असल्यामुळेही पंखा चालू होत नाही. संवेदकाचे टोक पाण्यात बुडालेले असावे लागते. पाणी घटून तिथे हवेचा कप्पा झाला, तर टोकाभोवती उष्णता पोहोचवणारे माध्यमच उरत नाही. इंजिन तापलेले असते आणि संवेदक 'सारे ठीक आहे' असे सांगत राहतो.

दुसरी शक्यता थर्मोस्टॅटची. ही मेणावर चालणारी झडप आहे. सुमारे ८० ते ९० अंशांना मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊ लागते. झडप बंदच राहिली तर इंजिन उकळते पण रेडिएटर थंड राहतो. ज्या गाडीचा स्विच रेडिएटरमध्ये आहे तिचा पंखा मग फिरणार कसा? ओळखण्याची खूण सोपी आहे. इंजिन तापल्यावर रेडिएटरचा वरचा पाइप कडक गरम आणि खालचा थंड लागला, तर पाणी फिरत नाही असे समजावे. हात लावताना पंखा आणि पट्टे यांपासून दूर राहावे.

तिसरी शक्यता आपल्याकडच्या पाण्याची. काळ्या पाषाणाच्या या भागात बोअरचे पाणी बऱ्याच ठिकाणी जड असते. ते तापवले की विरघळलेल्या क्षारांचा पांढरट थर बसतो, घरच्या पाणी तापवायच्या भांड्यात बसतो तसाच. या थराची उष्णतावाहकता ॲल्युमिनियमच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतकी असते. तो नळ्या अरुंद करतो, उष्णता अडवतो आणि संवेदकावर बसला तर त्यालाही बधिर करतो. म्हणून रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी न घालता ऊर्ध्वपातित पाणी आणि कूलंट यांचे कंपनीने सांगितलेले मिश्रण घालावे. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल उत्कलनबिंदू वाढवते आणि त्यातली इतर रसायने गंज रोखतात. मात्र ते चवीला गोड आणि विषारी असते. लहान मुले आणि जनावरे यांच्यापासून ते दूर ठेवलेच पाहिजे.

आठ संशयित, थोडेच प्रश्न

पाणी पुरेसे आहे, गाडी खरोखर तापली आहे आणि तरी पंखा थांबलेला आहे असे दिसले की संशयितांची यादी करावी. १) वितळतार, २) रिले, ३) मोटर, ४) मोटरकडे जाणारी तार व जोडण्या, ५) अर्थची जोडणी, ६) संवेदक, ७) संवेदकाची तार किंवा संगणक, ८) संवेदकापर्यंत उष्णताच न पोहोचणे. पुष्कळदा गॅरेजमध्ये एकेक भाग बदलून पाहिला जातो. नवा संवेदक, नवा रिले, शेवटी नवी मोटर. दोष जोडणीत असेल तर हजारो रुपये जाऊनही तो तिथेच राहतो. याऐवजी प्रत्येक प्रश्नाने निम्मे संशयित बाद होतील असे प्रश्न विचारावेत. आठांचे चार, चारांचे दोन, दोनांचा एक. आदर्श स्थितीत तीन प्रश्न पुरतात, कारण २ चा तिसरा घात ८ आहे.

पहिला प्रश्न: वातानुकूलन, म्हणजे एसी, चालू केल्यावर पंखा फिरतो का? बहुतेक गाड्यांत एसी लावला की रेडिएटरचा पंखाही चालू होतो. तो फिरला तर वितळतार, मोटर, तारा आणि अर्थ एका झटक्यात निर्दोष ठरतात. संशय संवेदकाच्या बाजूला उरतो. काही गाड्यांत दोन पंखे किंवा दोन रिले असतात, तेव्हा गाडीची पुस्तिका पाहून हा निष्कर्ष काढावा.

दुसरा प्रश्न, संवेदकाच्या बाजूचा: जुन्या गाडीत स्विचची दोन टोके तारेने जोडल्यावर पंखा फिरतो का? फिरला तर स्विच खराब आहे किंवा त्याला उष्णता पोहोचत नाही. संगणक असलेल्या गाडीत टोके अशी जोडू नयेत. तिथे संवेदकाचा प्लग काढून पाहतात. थर्मिस्टरची तार तुटली तर रोध अनंत होतो आणि संगणकाला तो कडाक्याच्या थंडीसारखा वाटू शकतो. मग पंखा कधीच लागणार नाही आणि इंजिन जळेल. हे ओळखून अनेक गाड्यांच्या संगणकांना असे शिकवलेले असते की वाचन अशक्य कोटीतले असेल तर पंखा चालूच ठेवायचा. प्लग काढताच पंखा फिरू लागला तर रिलेपासून मोटरपर्यंतची बाजू ठीक आहे. 'बिघडायचेच असेल तर सुरक्षित बाजूला बिघडावे' हे अभियांत्रिकीतले मोठे तत्त्व इथे विद्यार्थ्यांना दाखवता येते.

एसी लावूनही पंखा फिरला नाही तर तिसरा प्रश्न: वितळतार शाबूत आहे का? ती जळलेली असेल तर नवी घालण्याआधी ती का जळली हे विचारावे. वितळतार हे लक्षण आहे, रोग नव्हे. बेअरिंग धरल्यामुळे मोटर अडकली असेल तर ती फिरताना घेते त्याच्या कितीतरी पट धारा खेचते. बॅटरीची तार सोडवून, पाती हाताने फिरवून पाहिली की हे कळते. जाड तांब्याची तार बांधून वेळ मारून नेणे म्हणजे पुढे वायरिंगला आग लावण्याची सोय करणे होय. वितळतार ठीक असेल तर रिलेच्या जागी त्याच क्रमांकाचा दुसरा रिले, उदाहरणार्थ हॉर्नचा, बसवून पाहावा.

चौथा प्रश्न: मोटरचा प्लग काढून, बॅटरीवरून वितळतार असलेल्या दोन जाड तारांनी मोटरला थेट वीज दिल्यावर ती फिरते का? न फिरल्यास मोटर दोषी. बहुधा तिचे कार्बन झिजलेले असतात. फिरल्यास मोटर निर्दोष आणि उरल्या त्या जोडण्या.

दिवा लागतो, पंखा फिरत नाही

इथे एक कोडे अनुभवी वायरमनलाही चकवते. मोटरच्या प्लगला टेस्ट लॅम्प लावला तर तो लख्ख लागतो. मीटर १२ व्होल्ट दाखवतो. मोटर थेट जोडली तर फिरते. पण प्लग जागी बसवला की फिरत नाही. मग दोष आहे कुठे?

उत्तर ओहमच्या नियमात आहे. समजा, गंजलेल्या जोडणीत एक ओहम रोध तयार झाला आहे. टेस्ट लॅम्प ३ वॅटचा, म्हणजे पेटलेला असताना सुमारे ४८ ओहमचा. धारा १२ ÷ ४९, म्हणजे पाव अँपिअरहून थोडी कमी. जोडणीत फक्त पाव व्होल्ट हरवतो आणि दिव्याला ११.८ व्होल्ट मिळतात. तो लख्खच दिसणार. आता थांबलेल्या मोटरचा रोध ०.३ ओहम धरा. निर्दोष परिपथात ती सुरू होताना १२ ÷ ०.३ = ४० अँपिअर खेचेल. गंजलेल्या जोडणीमुळे एकूण रोध १.३ ओहम झाला आणि धारा ९.२ अँपिअरवर आली. मोटरच्या वाट्याला जेमतेम २.८ व्होल्ट उरले. मोटरचा फिरवणारा जोर धारेच्या प्रमाणात असतो, म्हणून तो पावपटीहून कमी झाला. धुळीने जड झालेला पंखा तेवढ्याने हलत नाही. त्याच वेळी जोडणीत ९.२ × ९.२ × १ = सुमारे ८५ वॅट उष्णता निर्माण होते. २५ वॅटच्या तीन सोल्डरिंग आयर्नहून ही जास्त आहे. वितळलेला, काळा पडलेला प्लॅस्टिकचा प्लग दिसला तर हे कारण समजावे.

यातून मिळणारा धडा असा. ज्या ओझ्याखाली यंत्र काम करते त्याच ओझ्याखाली त्याची तपासणी केली पाहिजे. प्लग जोडलेला ठेवून, पंखा चालू होण्याची आज्ञा मिळत असताना, बॅटरीचे ऋण टोक आणि मोटरचे ऋण टोक यांमधले विभवांतर मोजावे. ते अर्ध्या व्होल्टहून जास्त भरले तर अर्थची जोडणी खराब आहे. धन बाजूलाही असेच मोजावे. मीटर जोडताना पंखा अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा हात, ओढणी आणि सैल बाह्या दूर ठेवाव्यात. काही गाड्यांत किल्ली बंद केल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो.

तीन सल्ल्यांची परीक्षा

'झाकण उघडून पाणी ओता.' हा सल्ला सर्वांत घातक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर असलेल्या बीडमध्ये उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळते. रेडिएटरचे झाकण मात्र आत वातावरणापेक्षा सुमारे ०.९ बार जास्त दाब टिकवते. त्यामुळे साधे पाणीसुद्धा ११८ अंशांपर्यंत द्रव राहते. प्रेशर कुकरचेच तत्त्व. आता ११० अंशांवर झाकण उघडले तर पाणी क्षणात ९८ अंशांवर उतरू पाहते. बारा अंशांची जादा उष्णता, म्हणजे प्रत्येक किलोग्रॅममागे सुमारे ५० किलोज्यूल, वाफ तयार करण्यात खर्च होते. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणून लिटरमागे साधारण २२ ग्रॅम वाफ होते. ऐकायला थोडी, पण तिचे आकारमान ३८ लिटर भरते. पाच लिटर पाण्यातून १९० लिटर वाफ उकळत्या पाण्यासह उघडणाऱ्याच्या तोंडावर येते. इंजिन बंद करून, सावलीत, किमान अर्धा तास थांबावे. वरचा पाइप हाताला सोसवेल इतका थंड झाल्यावरच जाड फडक्याने झाकण उघडावे. तापलेल्या धातूवर थंड पाणी ओतल्यास असमान आकुंचनाने तडा जाऊ शकतो. पाणी हळूहळूच घालावे.

'पंखा डायरेक्ट करा.' घाटात अडकलेल्याला घरी पोहोचवण्यापुरता हा सल्ला उपयोगी आहे, तारेत वितळतार असेल तर. कायमचा उपाय म्हणून तो नको. त्याने संवेदक का बोलत नाही हा प्रश्न झाकला जातो, मोटर विनाकारण झिजते आणि थंडीत इंजिन नीट तापत नाही.

'थर्मोस्टॅट काढून टाका.' बंद अडकलेली झडप काढली तर पाणी फिरू लागते हे खरे. पण मग इंजिनाला योग्य तापमान गाठायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळते, तेल घट्ट राहून झीज वाढते. नवी झडप बसवणे हाच खरा उपाय.

चौथा सल्ला सहसा कोणी देत नाही, तो असा. काटा वर चढू लागताच एसी बंद करून गाडीतला हीटर पूर्ण वाऱ्यावर सोडावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच असतो. आत बसणाऱ्यांना घाम फुटेल, पण इंजिनाचा थोडा भार हलका होईल आणि सुरक्षित जागी थांबण्याइतका वेळ मिळेल. काटा लाल पट्ट्यात गेला असेल तर मात्र तत्काळ इंजिन बंद करावे. पुढचे दोन किलोमीटर रेटण्याच्या मोहात हेड गॅस्केट जाते आणि शे-दोनशे रुपयांच्या दुरुस्तीचे काम हजारोंवर जाते.

वर्गात करून पाहा

दुचाकीची १२ व्होल्टची बॅटरी, ३ वॅटचा इंडिकेटरचा दिवा, ५५ वॅटचा हेडलाइटचा दिवा, १ ओहमचा तारेचा रोधक आणि १० अँपिअरची वितळतार घ्या. वितळतार बॅटरीलगत जोडा. आधी दोन्ही दिवे आळीपाळीने थेट लावा. मग रोधक एकसरीत जोडून पुन्हा लावा. छोट्या दिव्यात फरक जाणवणार नाही, मोठा मंदावेल आणि रोधक तापेल. रोधकाला हात न लावता दोन्ही वेळचे विभवांतर मोजायला सांगा. काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ प्रवाह चालू ठेवू नका.

दुसरा प्रयोग थर्मिस्टरचा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो स्वस्तात मिळतो. गरम पाण्याच्या पेल्यात थर्मिस्टर आणि तापमापी एकत्र बुडवा. पाणी निवत जाईल तसे दर पाच अंशांना रोध नोंदवा आणि आलेख काढा. तो सरळ रेषा येत नाही हे मुलांना स्वतः दिसू द्या. मग विचारा: पाणी अर्धे ओतून थर्मिस्टर हवेत लटकता ठेवला तर मीटर काय दाखवेल? करून पाहिल्यावर घाटातल्या त्या गाडीचा पंखा पाणी कमी असताना का फिरला नाही, हे त्यांना सांगावे लागणार नाही.